न्यू जर्सीचं बजेट वाचा, ट्रेनचं भाडं का वाढतं ते कळेल

मी एडिसनला राहते आणि नोकरीसाठी मेट्रोपार्कहून न्यूयॉर्क पेन स्टेशन गाठते. भाडं वाढलं की प्लॅटफॉर्मवरची मराठी मंडळी चिडतात, पण तोवर बोलायची वेळ टळलेली असते. ती वेळ कधी असते आणि बोलायचं कुणाशी, ते सांगते.

आधी कॅलेंडर. राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. गव्हर्नर साधारण फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये बजेट मांडतात, त्यानंतर राज्य विधिमंडळाच्या दोन सभागृहांच्या, म्हणजे सिनेट आणि असेंब्लीच्या, बजेट समित्या जनसुनावण्या घेतात, आणि ३० जूनच्या आत बजेट मंजूर व्हावंच लागतं. २०१७ मध्ये ते वेळेत झालं नाही, तेव्हा ऐन जुलैच्या सुट्टीत राज्याची उद्यानं आणि किनारे बंद पडले होते. तुटीचं बजेट राज्यघटनेला चालत नाही, त्यामुळे एका खात्याला जास्त दिलं की दुसरीकडे कात्री लागणारच.

बजेट राज्याच्या ट्रेझरीच्या वेबसाइटवर असतं. शेकडो पानांचा तो ग्रंथ बघून घाबरू नका. वाहतूक खातं काढा आणि त्यात न्यू जर्सी ट्रान्झिट, म्हणजे आपल्या गाड्या आणि बस चालवणारी राज्याची संस्था, शोधा. तिथे दोन प्रकारचा पैसा दिसेल आणि सगळी मेख त्यातच आहे. एक भांडवली, म्हणजे पूल, डबे, स्टेशनं यांचा. दुसरा रोजच्या कारभाराचा, म्हणजे पगार, डिझेल, वीज, दुरुस्ती. तिकिटांच्या उत्पन्नातून कारभाराचा पूर्ण खर्च निघत नाही. उरलेला खड्डा राज्याने भरायचा, नाहीतर भांडवली पैसा तिकडे वळवायचा, नाहीतर भाडं वाढवायचं. वर्षानुवर्षं भांडवली पैसा वळवला गेला, आणि माझ्या मते आज गाड्या रखडतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

२०२४ मध्ये नेमका हाच खड्डा मोठा झाला होता. कोरोनाकाळात केंद्राकडून आलेला पैसा संपत आला होता आणि प्रवासी पूर्वीइतके परतले नव्हते. ट्रान्झिटच्या संचालक मंडळाने १ जुलैपासून भाडं १५ टक्के वाढवलं आणि पुढे दर जुलैला ३ टक्के वाढ ठरवून टाकली. जो पास १०० डॉलरचा होता तो आधी ११५ चा आणि २०२५ च्या जुलैत ११८ डॉलर ४५ सेंटचा झाला. त्याच उन्हाळ्यात १ कोटी डॉलरहून जास्त करपात्र नफा असलेल्या कंपन्यांवर अडीच टक्के शुल्क बसलं, ट्रान्झिटसाठी म्हणूनच. पण ते २०२८ च्या अखेरीपर्यंतच आहे. पुढे काय, हा प्रश्न आत्तापासूनच विचारायला हवा.

विचारायचा कुणाला? प्रत्येक मतदारसंघात एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य असतात. विधिमंडळाच्या वेबसाइटवर गावाचं नाव टाकलं की तिघं सापडतात. मेल छोटा ठेवा आणि खाली पूर्ण पत्ता द्या, म्हणजे तुम्ही त्यांच्याच भागातले आहात हे कळेल. मी लिहिते ते साधारण असं: ‘मी नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गावरच्या गाडीने कामावर जाते. कंपन्यांच्या शुल्काचा पैसा यंदा पूर्णपणे ट्रान्झिटलाच मिळणार आहे का? २०२८ नंतरच्या सोयीसाठी तुम्ही काय मांडणार आहात?’ थेट प्रश्न असला की गोलमोल उत्तर देणं अवघड जातं. तुम्ही एचवनबी या नोकरीच्या व्हिसावर असाल, मत देता येत नसेल, तरीही लिहा. कर तुम्हीही भरता, गाडीतही तुम्हीच उभे असता.

जनसुनावणीत बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं आणि मोजकीच मिनिटं मिळतात. तिथे आकडेवारीपेक्षा आपली हकिकत सांगा: गाडी रद्द झाली, पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली, त्या दिवशी काय झालं. आकडे समितीच्या पुढ्यात असतातच. सुनावणीला जाणं जमलं नाही तर लेखी निवेदन पाठवा.

आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात विसावू नका. गव्हर्नरला मंजूर बजेटमधली एखादी रक्कम कमी करता येते किंवा खोडता येते. म्हणून सही झाल्यावर ट्रान्झिटची ती ओळ पुन्हा उघडा आणि मार्चच्या आकड्याशी ताडून बघा. फरक दिसला तर त्याच तिघांना पुन्हा मेल करा.