फोटोचं सेटिंग वहीत लिहायची गरज नाही, फाईलमध्येच असते

नागपूरच्या फुटाळा तलावावर सनसेट काढल्यावर एखाद्याचा फोटो मस्त आला की बाकीचे विचारतात भाऊ शटर किती ठेवलं होतं, आणि त्याला काही आठवत नाही. अरे पण आठवायचं कायले, क्लिक केलं की कॅमेरा शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता किती), फोकल लेन्थ (लेन्स किती झूम होती), मीटरिंग (प्रकाश कसा मोजला), फ्लॅश चालला की नाही हे सगळं त्या फाईलमध्येच लिहून ठेवते. याला एक्झिफ म्हणतात, जपानमध्ये १९९५ ला आलेलं स्टँडर्ड आहे, मोबाईलही तेच वापरते.

विंडोजवर फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की खाली दिसते. माझ्या मते शिकायचं असेल तर आधी बिघडलेले फोटो उघडा, हललेला फोटो १/१५ सेकंद शटरला काढलेला दिसला की कारण लगेच समजते, पण फोटो १/१००० ला असूनही धूसर असेल तर बहुतेक फोकसच चुकला.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती उडते बरं का, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुनी मॅन्युअल लेन्स (सगळं हाताने फिरवायची) अडॅप्टर म्हणजे जोड-रिंग वापरून लावली असेल तर अ‍ॅपर्चरची जागा रिकामी किंवा शून्य दिसेल, कारण लेन्स कॅमेऱ्याला काही सांगतच नाही, तेवढं मात्र लिहून ठेवा. आणि लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही त्यातच जाते, म्हणजे घरी काढला तर घराचं ठिकाणही, ओरिजिनल फाईल कोणाला देता ते पाहून द्या.