गॅल्व्हेस्टनच्या खाडीत रेडफिशची गाइड होताना

ह्यूस्टन परिसरातल्या ज्या मराठी मंडळींना मासेमारीचा नाद आहे, त्यांना गाइड घेऊन गॅल्व्हेस्टनच्या खाडीत रेडफिश धरायला जाणे नवे नाही. मात्र त्याच बोटीवर पाहुणा म्हणून न बसता गाइड म्हणून उभे राहायचे असेल तर काय शिकावे लागते, अशी विचारणा अलीकडे माझ्याकडे वारंवार होते. मी नोकरी सांभाळून एका अनुभवी कॅप्टनच्या हाताखाली डेकहँड, म्हणजे बोटीवरची मदतनीस, म्हणून काम केले, मग परवाना काढला आणि आता शनिवार-रविवारी स्वतःच्या बोटीवर पाहुणे नेते. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा समज असा असतो की आपल्याला मासे चांगले लागतात, तेव्हा निम्मे काम झालेच. प्रत्यक्षात गाइडच्या हातात दिवसभर गळ क्वचितच असतो. ज्याने आयुष्यात दोनदा गळ टाकला आहे अशा माणसालाही मासा लागेल, अशा जागी आणि अशा कोनात बोट नेऊन धरणे, याचेच पैसे आपल्याला मिळतात.

रेडफिश, म्हणजे शास्त्रीय कागदपत्रांतला रेड ड्रम, हा आपल्या घोळ आणि ढोमा यांच्याच कुळातला मासा आहे. भोताभोवतीचे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे, स्नायू थरथरवून तो ढबढब आवाज काढतो. पालघरच्या किनाऱ्यावर घोळीच्या ज्या भोताला सोन्याचा भाव येतो, त्याला इथे कोणी विचारत नाही. अंगाचा रंग तांबूस आणि शेपटीच्या बुडाशी काळा डाग, ही त्याची ओळख. जन्मानंतरची साधारण तीन-चार वर्षे तो खाडीत आणि खाजणात काढतो, वयात आल्यावर मेक्सिकोच्या आखातात उतरतो आणि पुढे चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो. टेक्सासमध्ये २० ते २८ इंच लांबीचेच मासे, आणि तेही माणशी दिवसाला तीनच ठेवता येतात, यामागचे कारण या आयुष्यक्रमातच आहे. २८ इंचांच्या वरचे मासे अंडी घालणारे असतात. त्यांतला एखादा ठेवायचाच असेल, तर पाहुण्याच्या परवान्याला जोडलेला खास टॅग त्याला लावावा लागतो. गाइड आणि डेकहँड यांचा वाटा या हिशेबात धरला जात नाही, हे पाहुण्यांना धक्का सोडण्यापूर्वीच सांगावे, नाहीतर दुपारी ‘तुमचे तीन आम्हाला द्या’ असा आग्रह सुरू होतो.

या धंद्याचा पाया १९८० च्या दशकात घातला गेला. न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडहोम यांनी मसाला लावून तापल्या बिडाच्या तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला, देशभरातल्या हॉटेलांची मागणी एकाएकी वाढली आणि आखातातल्या मोठ्या माशांचे थवेच्या थवे जाळ्यांनी उचलले जाऊ लागले. टेक्सासने त्याआधीच, १९८१ मध्ये, खाऱ्या पाण्यात धरलेल्या रेडफिशच्या विक्रीवर बंदी आणली होती. पुढे आखाताच्या केंद्रीय हद्दीतही हा मासा धरणे बंद झाले. आज इथल्या हॉटेलात मिळणारा रेडफिश तळ्यात वाढवलेला असतो. खाडीतला मासा विकता येत नाही, पण तो धरण्याची सकाळ विकता येते, आणि आम्हा गाइडांचे उत्पन्न ते एवढेच.

नव्या माणसाने सर्वांत अधिक वेळ कशावर घालवावा, असे कोणी विचारले तर मी वारा म्हणेन. मुंबईच्या उधाणात पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते. गॅल्व्हेस्टनला हा फरक जेमतेम फूट-दीड फुटाचा असतो. त्यामुळे भरती-ओहोटीचे कोष्टक पाठ करून आलेला माणूस इथे फसतो, कारण पाण्याची पातळी ठरवण्यात वाऱ्याचा वाटा अनेकदा चंद्राहून मोठा असतो. आग्नेयेकडचा वारा दोन-तीन दिवस टिकला की आखाताचे पाणी खाडीत रेटले जाते, गवताची मुळे बुडतात आणि रेडफिश खाजणात आतवर शिरून खेकडे आणि कोळंबी शोधू लागतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट आली, ज्याला इथले लोक ‘नॉर्दर’ म्हणतात, की तेच पाणी एका रात्रीत बाहेर ढकलले जाते. काल जिथून फूटभर पाण्यातून बोट सहज गेली, तिथे आज कालवांचे खडक उघडे पडलेले असतात. अशा दिवशी मासा खोल ओहोळांत आणि खोदलेल्या कालव्यांत दाटीने सापडतो, पण तिथवर पोहोचण्याच्या वाटेत बोटीचा तळ फाटण्याची शक्यताही तेवढीच असते.

पाणी उतरत असताना खाजणातून निघणाऱ्या लहान ओहोळांची तोंडे पाहावीत. आतले कोळंबी-खेकडे तिथून वाहून येतात आणि रेडफिश तोंडाशीच थांबतो. बोयी माशांचा थवा सरळ रेषेत संथ चालला असेल तर त्यात फारसे काही नसते, पण तोच थवा बिचकून एका बाजूला सरकला तर खाली कोणीतरी आहे असे समजावे. शरद ऋतूत मोठे मासे अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखांशी जमतात, तेव्हा गॅल्व्हेस्टनच्या दगडी धक्क्यांजवळ, म्हणजे जेटींजवळ, बोयीचा तुकडा किंवा फोडलेली चिंबोरी लावून ते धरता येतात. या दिवसांत पाहुणे भरपूर मिळतात आणि माशाचा आकारही फोटोत शोभतो, त्यामुळे नवे गाइड इथूनच सुरुवात करू पाहतात. माझ्या मते ही सुरुवात चुकीची आहे. नांगर टाकून वाट पाहण्यात पाण्याचे शिक्षण फारच थोडे होते. जेटींजवळचा प्रवाह आणि ह्यूस्टनच्या बंदराकडे जाणाऱ्या जहाजांच्या लाटा मात्र नवख्याची चांगलीच परीक्षा घेतात.

उथळ पाण्यातले काम कसे चालते, ते एका साध्या प्रसंगावरून कळेल. पाहुणा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा असतो, मी मागच्या उंच फळीवर लांब काठीने बोट ढकलत असते. पन्नास-साठ फुटांवर मासा तळ उकरत असल्याने त्याची शेपटी पाण्याबाहेर आलेली असते, उन्हात कडेला निळसर झाक दिसते. मी हळू आवाजात ‘अकरा वाजता’ म्हणते. नाळेची दिशा बारा धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगण्याची इथली पद्धत आहे आणि ती धक्क्यावरच समजावून द्यावी लागते. पाहुणा उत्साहाने थेट शेपटीवर आमिष फेकतो, मासा उधळतो, मागे फक्त गढूळ ढग उरतो. इथे गाइडने उसासा टाकला की सकाळ बिघडली. पुढच्या वेळी माशाच्या पलीकडे, त्याच्या तोंडापुढे दोन हात अंतरावर आमिष पडू द्यावे आणि मग ते हळू ओढत त्याच्या वाटेत आणावे, एवढेच शांतपणे सांगायचे. मासा लागल्यावरही झटका मारू नका असे आधीच बजावावे लागते, कारण गोड्या पाण्यात बास मासे धरणाऱ्यांचे हात सवयीने वर जातात आणि गोलाकार वळणाचा गळ तोंडातून निसटतो. रील फिरवत दोर ताठ केला की असा गळ ओठाच्या कोपऱ्यात आपणच बसतो. अगदीच नवख्याला हे जमत नसेल तर बोट वाऱ्यावर सोडावी आणि बूच लावलेला दोर द्यावा. ते बूच अधूनमधून ओढले की डुबुक असा आवाज होतो आणि त्याला भुलून मासा स्वतःच शोध घेत येतो.

डेकहँड म्हणून जे काम वाट्याला येते, त्यात शिकण्यासारखे असे थोडेच वाटते: बर्फ भरणे, जिवंत कोळंबीच्या टाकीतले पाणी खेळते ठेवणे, गुंते सोडवणे, मासे मोजणे आणि साफ करणे. तरीही मोजणी मनापासून शिकावी. तोंड मिटून, शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवून, माशाला पट्टीवर सपाट ठेवून मोजायचे असते. पाव इंचाने मासा परत सोडावा लागला की पाहुण्याचा चेहरा उतरतो, पण त्या बाबतीत घासाघीस करू नये. परत सोडायचा मासा ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन धरावा. पाण्यात उतरून चालायचे असेल तर पाय उचलून न टाकता घसटत न्यावेत, म्हणजे पाकट आधीच दूर होते. हार्डहेड नावाच्या शिंगाळ्याचा काटा हाताला लागू देऊ नये. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात आणि साध्या खरचटण्यातूनही जिवावर बेतू शकते, म्हणून जखम झालेल्या पाहुण्याला पाण्यात उतरू देऊ नये, मग तो कितीही रागावो. माणसांशी वागण्याचा हा भाग सर्वांना सारखा सोपा जात नाही. ‘कॅप्टन कधी येणार?’ हा प्रश्न मला धक्क्यावर आजही विचारला जातो. मी दोर सोडते आणि इंजिन सुरू करते, तेवढ्याने उत्तर मिळते.

आता कागदपत्रे. पैसे घेऊन सहापर्यंत प्रवासी न्यायचे असतील तर अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा परवाना लागतो, ज्याला बोलण्यात ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. त्यासाठी बोटीवर ३६० दिवसांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यातले ९० दिवस गेल्या तीन वर्षांतले हवेत, आणि लहान बोटीवर किमान चार तास काम केले तरच तो दिवस मोजला जातो. वैद्यकीय तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, ट्विक हे बंदर-जहाजांवर काम करणाऱ्यांचे ओळखपत्र आणि लेखी परीक्षा हे टप्पे त्यापुढचे. जलमार्गाच्या नियमांच्या पेपरात ९० टक्के गुण लागतात. परवाना पाच वर्षे चालतो. टेक्सास राज्याचा गाइडचा परवाना वेगळा असतो आणि त्यासाठी कोस्ट गार्डचा परवाना दाखवावा लागतो. एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे की त्या व्हिसावर प्रायोजक कंपनीखेरीज इतर कामाचे पैसे घेता येत नाहीत, मग ते शनिवार-रविवारचे असले तरीही. शिकायला हरकत नाही. धंदा ग्रीन कार्ड हाती आल्यावर सुरू करावा.

उत्पन्नाचे म्हणाल तर केवळ यावर घर चालवणारे कॅप्टन आहेत, पण इंधन, विमा, ट्रेलरची दुरुस्ती आणि वाऱ्यामुळे रद्द होणाऱ्या सकाळी या सर्वांची तोंडमिळवणी करताना त्यांना जानेवारी-फेब्रुवारी जड जातात. डेकहँडची कमाई बरीचशी पाहुण्यांच्या बक्षिसीवर चालते. काम मागायला सप्टेंबरमध्ये जाऊ नये, कारण तेव्हा कोणत्याच कॅप्टनला बोलायला उसंत नसते; जानेवारीत बोटींची डागडुजी चालू असते, तेव्हा मदतीचा हात पुढे केला तर ओळख होते. आणि ज्यांच्या बोटीवर काम कराल, त्यांच्याकडून अनुभवाच्या दिवसांचा अर्ज दर हंगामाच्या शेवटी भरून सही घेऊन ठेवा. बोटी विकल्या जातात, मालक दुसऱ्या गावी जातात, आणि तीन वर्षांनी जुनी सही मिळवण्यासाठी फोन करत बसणे परीक्षेपेक्षाही त्रासदायक ठरते.