परगावाहून आलेल्या कुटुंबाने व्यवसाय एकदिलाने कसा चालवावा

1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक कुटुंबे नागपुरात जरीपटक्याला वसली आणि त्यांतील कित्येकांनी शून्यातून व्यापार उभा केला. नव्या शहरात ना ओळख असते ना पत. अशा वेळी घरची माणसे हेच पहिले भांडवल असते, म्हणून ते जपण्याची व्यवस्था दुकान उघडण्याआधीच करावी.

कामे आधी वाटून घ्यावीत. खरेदी, गल्ला आणि उधारीची वसुली यांची जबाबदारी वेगवेगळ्या व्यक्तींकडे असावी व रोज रात्री दुकान वाढवल्यावर हिशेब सर्वांसमोर मांडावा. घरखर्चासाठी गल्ल्यात हात घालू नये; प्रत्येकाने दरमहा ठरलेली रक्कमच उचलावी.

भावाभावांत कागद कशाला, असे म्हणून पुष्कळ जण भागीदारीपत्र टाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महाग पडणारी चूक आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास नफा-तोटा समान वाटला जातो आणि कामाचा वेगळा मोबदला मागता येत नाही. त्यामुळे पहाटेपासून राबणारा भाऊ आणि केवळ पैसा घालणारा भाऊ एकाच मापाने मोजले जातात, आणि अढी तिथूनच पडते. संस्थेची नोंदणीही करावी, कारण नोंदणीशिवाय उधारी बुडवणाऱ्यावर संस्थेला दावा लावता येत नाही.

घरातील स्त्रिया माल निवडत, पॅकिंग करत असतील, तर त्यांचेही नाव आणि हिस्सा त्या कागदावर असावा.