आधी तास मोजा, मग यंत्र निवडा

गेली तेवीस वर्षं मी फ्रिज, एसी आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतोय. या काळात एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की तिथूनच सुरुवात करतो. एका घरी एसीची सर्व्हिसिंग करायला गेलो होतो. काकू म्हणाल्या, "दादा, मुद्दाम वीज कमी खाणारा एसी घेतला, तरी बिल हलायला तयार नाही." एसी उत्तम होता, बसवलाही नीट होता. पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो तर तिथे जुना फ्रिज घरघरत होता. नवा फ्रिज आल्यावर "असू दे, चालतोय तोवर" म्हणून तो मागे ठेवलेला. आत पाण्याच्या चार बाटल्या, दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं, आणि कंप्रेसर बंद व्हायचं नावच घेत नव्हता. त्या चार बाटल्या गार ठेवायला घर रोज दोन युनिटच्या वर वीज घालत होतं.

म्हणून यंत्र निवडायच्या आधी घरातली यंत्रं मोजा. एक युनिट म्हणजे 1000 वॅटचं यंत्र एक तास चालवणं. वॅटला तासांनी गुणा आणि हजाराने भागा, युनिट मिळतात. हजार वॅटची इस्त्री आठवड्यातून एक तास चालली तर एक युनिट होतं. 75 वॅटचा पंखा रोज बारा तास फिरला तर आठवड्याला सहा युनिटच्या वर जातो. आपण इस्त्रीला घाबरतो आणि पंख्याकडे बघतही नाही. कागदावर दोन रकाने करा, वॅट आणि रोजचे तास. प्लगमध्ये लावायचं छोटं वीजमोजणी यंत्र मिळालं तर फारच छान, कारण फ्रिजसारख्या सुरू-बंद होणाऱ्या यंत्राचा खरा आकडा तेच सांगतं. पैसे कुठे घालायचे ते या कागदावरून ठरवा. जे जास्त तास चालतं ते आधी बदला.

आता लेबल. तारे असोत की अक्षरं, आधी त्यावरचं वर्ष वाचा. मोजपट्टी अधूनमधून कडक होते. युरोपात मार्च 2021 मध्ये फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्हीच्या लेबलवरून 'ए प्लस प्लस प्लस' ही श्रेणीच काढून टाकली आणि पुन्हा ए ते जी अशी पट्टी लावली. कालपर्यंत अव्वल असलेली कित्येक मॉडेलं एका दिवसात खाली घसरली, यंत्र मात्र तेच होतं. त्यामुळे मी ताऱ्यांपेक्षा वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा बघायला सांगतो. समजा एक फ्रिज वर्षाला 180 युनिट घेतो आणि दुसरा 260. वर्षाचा फरक 80, आणि फ्रिज बारा वर्षं टिकला तर 960 युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने याला गुणा आणि दोन फ्रिजच्या किमतींतल्या फरकाशी ताडून बघा. विक्रेत्याला विचारायची गरजच उरत नाही. फक्त तुलना सारख्या आकाराच्या फ्रिजमध्ये करा. मोठा फ्रिज जास्त तारे मिरवूनही लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो.

फ्रिजवर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण बाराही महिने चोवीस तास चालणारं दुसरं यंत्र बहुतेक घरांत नसतं. फ्रिज गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून मागच्या किंवा बाजूच्या जाळीतून बाहेर टाकतो. ती उष्णता बाहेर पडायला जागा नसेल तर कंप्रेसर धापा टाकत राहतो. त्यामुळे माहितीपुस्तिकेत लिहिलंय तेवढं अंतर भिंतीपासून सोडा. शेगडीच्या शेजारी किंवा उन्हाच्या खिडकीखाली फ्रिज ठेवू नका. जाळी उघडी असेल तर सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. मी झाडलेल्या कित्येक जाळ्यांवर धुळीचा थर गोधडीसारखा सलग निघाला आहे.

मग दाराचं रबर. कागदाची एक पट्टी घ्या, अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि हळू ओढा. घट्ट लागली तर ठीक, अलगद सरकली तर तिथून गारवा गळतोय. दाराच्या चारही बाजूंना असं करून बघा, बिजागरीच्या बाजूला विशेष, कारण रबर तिथेच दुमडतं. लगेच नवं रबर आणू नका. आधी साबणाच्या पाण्याने खाचांतली घाण काढा, मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्या जागी दाबून धरा. रबर मऊ होऊन पुष्कळदा पुन्हा आकार घेतं. फाटलं असेल तर मात्र बदलाच.

तापमान आतल्या खणात 4 अंश आणि फ्रीझरला उणे 18 पुरतं. डिफ्रॉस्ट हाताने करायच्या फ्रिजमध्ये बर्फ अर्ध्या सेंटिमीटरच्या वर साचू देऊ नका, आणि तो सुरीने खरवडायला तर मुळीच जाऊ नका. नळी फुटून गॅस गेलेले फ्रिज मी याच कारणाने उघडले आहेत.

एसीचा 'टन' म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. चोवीस तासांत सुमारे 907 किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उचलायची ताकद म्हणजे एक टन, साधारण 3500 वॅट. "मोठाच घेऊ, लवकर गार होईल" हा विचार अंगाशी येतो. साध्या कंप्रेसरचा मोठा एसी लहान खोलीत पटकन थांबतो, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. अंग चिकट राहतं आणि मग माणूस तापमान अजून खाली नेतो. फक्त खोलीचं क्षेत्रफळ बघून आकार ठरवू नका. वरचा मजला आहे का, दुपारचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं, खोलीत किती माणसं झोपतात, हे सगळं सांगून आकार ठरवून घ्या. इन्व्हर्टर कंप्रेसर बंद-चालू होण्याऐवजी वेग कमी करतो, म्हणून रात्रभर चालणाऱ्या एसीला तो फार फायद्याचा. रोज तासभरच लावणार असाल तर जादा किंमत वसूल व्हायला वर्षं लागतील, हेही मी गिऱ्हाइकाला सांगतो.

वापरताना 25-26 अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा मंद लावा. 16 वर नेल्याने साध्या कंप्रेसरच्या एसीने खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त जास्त वेळ चालत राहतो. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवून सावलीत सुकवा. बाहेरचं युनिट झाकू नका. एकदा सजावटीसाठी ते लाकडी पट्ट्यांच्या पेटीत बसवलेलं पाहिलं. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून ते दर दुपारी ट्रिप होत होतं. समोरच्या पट्ट्या काढल्या आणि तक्रार संपली.

पंखा आणि दिवे पटकन सांगतो. साधा पंखा पूर्ण वेगात 75 वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित डीसी मोटरचा, 30 च्या आसपास. बारा तास रोज, वर्षातले 300 दिवस धरले तर एका पंख्यामागे 162 युनिट वाचतात. घरात बदलायला सगळ्यात सोपी गोष्ट मला हीच वाटते. दिव्यांच्या खोक्यावर वॅटपेक्षा ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचा. 60 वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड, म्हणजे सुमारे 800 ल्युमेन, 9 वॅटचा एलईडी देतो.

गीझरबाबत एक गैरसमज मला मनापासून दूर करायचा आहे. कमी वॅटचा गीझर वीज वाचवत नाही. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं, हा पाण्याचा स्वभाव आहे. 3000 वॅटचा गीझर ते दहा-अकरा मिनिटांत करेल, 2000 वॅटचा पंधरा-सोळा मिनिटांत. युनिट तेवढीच. फरक पडतो तो टाकीभोवतीच्या इन्सुलेशनने आणि बटण दिवसभर सुरू ठेवल्याने. म्हणून गीझर घेताना टाकीतून चोवीस तासांत किती उष्णता निसटते तो आकडा लेबलवर शोधा, आणि गीझर नळाच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवा. लांब पाइपात उरलेलं गरम पाणी दर वेळी फुकट थंड होतं.

वॉशिंग मशीनचंही तसंच. गरम धुण्यात मोटरपेक्षा पाणी तापवण्यालाच जास्त वीज लागते. रोजच्या कपड्यांना थंड किंवा 30 अंश पुरतं, आणि ड्रम भरूनच मशीन लावा.

शेवटी, रिमोटने बंद केल्यावरही यंत्रावर पेटत राहणारी ती लाल बत्ती. वर्षात 8,760 तास असतात, म्हणजे सतत सुरू असलेला एक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट घेतो. माझ्या घरचा सेट टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' केल्यावरही 11 वॅट ओढत होता, वर्षाला 96 युनिट! वरच्या उदाहरणातल्या चांगल्या फ्रिजच्या निम्म्याहून जास्त. तेव्हापासून टीव्हीची सगळी वायर एका स्विचच्या एक्स्टेन्शन बोर्डवर आहे आणि झोपताना तो स्विच बंद होतो.

नवं यंत्र बसवलं की मी एक काम हमखास करतो. वीजमोजणी यंत्र लावून पहिल्या चोवीस तासांची युनिट घेतो, चिकटपट्टीवर तारीख आणि आकडा लिहितो आणि पट्टी यंत्राच्या बाजूला चिकटवतो. फ्रिजला हे करून बघा. वर्षभराने साधारण त्याच ऋतूत पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला असेल तर आधी कागदाची पट्टी घेऊन रबर तपासा आणि जाळी झाडा. तरीही फरक पडला नाही, तर मग मेकॅनिकला बोलवा आणि त्याला ती चिकटपट्टी दाखवा. आमचं अर्धं काम तिथेच होतं.