दिव्यांच्या एका रॅकला किती म्हशींचं शेण?

गोठ्याशेजारच्या खोलीत मुळा-मोहरीचे मायक्रोग्रीन्स (कोवळेपणीच कापून खायची रोपं) घ्यायचे आणि दिवे गोबरगॅसवर चालवायचे, हे कोल्हापूर भागात जमतं. फक्त हिशेब दिव्यापासून सुरू करून मागे शेणापर्यंत न्यायचा. आधी गॅसप्लांट बांधून मग दिवे मोजत बसलं, की ऐन थंडीत जनरेटर धापा टाकायला लागतो.

एक रॅक, चार कप्पे, प्रत्येक कप्पा 4 बाय 2 फूट. त्यात 10 बाय 20 इंचाचे चार ट्रे बसतात. रोपांच्या शेंड्यावर साधारण 8,000 लक्स उजेड रोज 12 तास हवा. मोजायला साधा लक्समीटर पुरतो, पण तो पांढऱ्या दिव्याखालीच. लाल-निळ्या दिव्याखाली तो फसवतो. 20 वॉटच्या साध्या एलईडी पट्ट्यांनी एवढा उजेड मिळवायचा तर कप्प्याला चार लागतात, म्हणजे 80 वॉट. ग्रो-लाइट म्हणजे रोपांसाठीच बनवलेला दिवा; वॉटला 2.5 मायक्रोमोल (रोपांच्या कामाचा उजेड मोजायचं माप) देणाऱ्या अशा दिव्याचं काम 46 वॉटमध्ये होतं.

आता शेणावर या. ताज्या शेणाच्या किलोला सुमारे 40 लिटर गॅस, आणि लहान इंजिनावर घनमीटरला सव्वा युनिट वीज धरा. ग्रो-लाइटचे चार कप्पे रोज 2.2 युनिट खातात. बॅटरीतली गळती धरून 2.7 युनिट, म्हणजे रोज 54 किलो शेण. साध्या पट्ट्यांना हेच 94 किलोवर जातं. म्हशीचं दिवसाचं शेण 15 किलो धरलं, तर दिवा स्वस्तातला घेण्याची किंमत अडीच-तीन म्हशी! म्हणून पैसे आधी दिव्यावर घाला. प्लांट 2 नव्हे, 3 घनमीटरचा बसवा, कारण थंडीत रात्रीचा पारा 14-15 अंशांवर आला की गॅस घटतो. शेण आणि पाणी समप्रमाणात, दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा. शेणातले उसाच्या वाड्याचे-वैरणीचे तुकडे काढा, नाहीतर वर जाड साय धरते. गोठा फिनेलने धुतलेलं पाणी आत जाऊ देऊ नका.

एक मात्र खरं: इंजिनात गॅसची तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन जाते. घरातली चूल याच गॅसवर असेल तर आधी चूल. उरेल त्यावर दिवे.

चार कप्प्यांच्या ग्रो-लाइटचा भार जेमतेम 185 वॉट; तेवढ्यावर जनरेटर रात्रभर चालवू नका. कमी भारावर इंजिन गॅस पितं, वीज देत नाही. संध्याकाळी सहाला पूर्ण भारावर पावणेतीन तास चालवा: दिवे थेट, आणि 30 अँपिअरच्या चार्जरने 24 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी. पुढचे सव्वानऊ तास दिवे बॅटरीवर. उन्हाळ्यात दिवसा दिवे लावले तर खोली भट्टी होते, म्हणूनही रात्रच बरी. पेट्रोलवर दीड केव्हीए देणारं यंत्र गॅसवर जेमतेम किलोवॅट देतं, हे खरेदीवेळी लक्षात ठेवा.

इंजिन मरतं ते बहुधा गोबरगॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे. सडक्या अंड्याचा वास तो हाच. गाळणी घरी होते: 4 इंची पीव्हीसी पाइप, मीटरभर, उभा, गॅस खालून वर. आत लेथवरचा बिडाचा चुरा भरा, उद्यमनगरात तो पोत्याने निघतो. तेलकट असेल तर धुण्याच्या सोड्याने धुवा, कारण तेल असलं तर गंज धरत नाही आणि गाळणीत काम गंजच करतो. पाणी शिंपडत चार दिवस उघड्यावर ठेवा, तांबूस झाला की भरा. स्टेनलेसची घासणी इथे निरुपयोगी. चुरा काळा पडला की बाहेर काढून पातळ पसरा, ओला ठेवा. हवेने तो पुन्हा तांबूस होतो. होताना तापतो, म्हणून ढीग नको आणि पाचटाजवळ तर मुळीच नको. सल्फिटेशनच्या (रस गंधकाच्या धुराने साफ करणाऱ्या) साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, प्लांटमध्ये घालत असाल तर गाळणी लवकर भरते, गंधक तिच्यातूनच येतं.

गॅसच्या पाइपला उतार द्या आणि आत साचणारं पाणी निघायला सर्वांत खालच्या जागी पाण्याचा यू-सापळा बसवा. गॅसचा दाब पाण्याच्या 10 सेंटिमीटर उंचीएवढा असेल तर सापळा 30 सेंटिमीटर खोल. इंजिन बंद करण्याआधी पाच मिनिटं पेट्रोलवर चालवा. ऑइल पेट्रोलच्या निम्म्या तासांत बदला. धूर नळीने छपराबाहेर काढा. कार्बन डायऑक्साइड मिळेल म्हणून तो रोपांच्या खोलीत सोडण्याची कल्पना डोक्यातून काढा: त्यातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारतो, इथिलीन रोपांना.

पेरणीचं काम सोपं. कोकोपीटवर ट्रेला मुळा 30 ग्रॅम, मोहरी 15 ग्रॅम; पहिले दोन-तीन दिवस झाकून, तेवढे दिवस त्या कप्प्याचा दिवा बंद. दांडे लांब आणि फिकट झाले तर उजेड कमी पडतोय, दिवा 20 सेंटिमीटरवर आणा. बुरशी दिसली तर पाणी जास्त झालंय किंवा वारा खेळत नाही.

गॅसप्लांटमधून बाहेर पडणारी शेणाची मळी या ट्रेंत कधीच नाही. हे कच्चं खायचं आहे. ती उसाला सोडा.