शॉर्ट स्केल बेस घेताय किंवा बनवताय? या चुका टाळा

शॉर्ट स्केल बेस, म्हणजे आखूड तारांची बेस गिटार. तिच्याबद्दलची पहिली चूक दुकानातच होते. "हा मुलांचा बेस आहे, हात बसला की मोठा घ्या," असं कुणीतरी सांगतं आणि आपण मान डोलावतो. वसईच्या चर्चमधल्या क्वायरपासून सावंतवाडीच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रापर्यंत वाजवू पाहणारी कितीतरी मुलंमुली या सल्ल्यापायी सुरुवातीलाच 34 इंची, म्हणजे लांब तारांचा नेहमीचा बेस गळ्यात अडकवतात. पहिल्या फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीवर) बोटं पुरत नाहीत, मनगट वाकवून वाजवावं लागतं, हात दुखायला लागतो आणि बेस माळ्यावर जातो.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला होफ्नर कंपनीचा बेस 30 इंची होता. क्रीम बँडच्या जॅक ब्रूसचा गिब्सन ईबी-3 साडेतीस इंची. जॅझ बेसवादक स्टॅन्ली क्लार्कची ओळख झालेले अलेम्बिकचे बेसही शॉर्ट स्केलच. फेंडर कंपनीने 1951 मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि 34 इंच हे माप रूढ झालं, पण त्याच फेंडरने 1966 मध्ये 30 इंची मस्टँग बेसही आणला. या मापात पूर्ण वाढीचं, गंभीर संगीत दशकानुदशकं वाजत आलं आहे.

स्केल म्हणजे नटापासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिज, म्हणजे खालच्या टोकाला तारा अडकतात त्या भागावरचा तारेचा टेकू), म्हणजे तारेच्या थरथरणाऱ्या भागाची लांबी. ती कमी झाली की फ्रेट जवळ येतात. नटापासून पहिला फ्रेट लांब बेसवर साधारण 48.5 मिमीवर असतो, शॉर्ट स्केलवर 42.8 मिमीवर. पण याहून महत्त्वाचा बदल ताणाचा आहे. तार तीच आणि सूर तोच ठेवून लांबी 34 वरून 30 इंच केली, तर ताण सुमारे 22 टक्क्यांनी उतरतो, कारण तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. लांब बेसवर एखाद्या तारेवर 18 किलोचा ताण असेल, तर इथे तीच तार 14 किलोवर येते. शॉर्ट स्केलचा गोलसर, भरलेला आवाज, बोटाखाली सहज वळणारी तार, हे सगळं या सैल ताणातून येतं. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळही तिथेच आहे. हा बेस लांब बेसची छोटी प्रत समजून हाताळला, की बिघाड सुरू होतात.

तारांची चूक

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गावातल्या दुकानात बहुधा लांब बेसचाच सेट मिळतो. "लांब आहेत ना, कापून टाकू" म्हणून तोच बसवला जातो. बेसच्या तारेच्या टोकाकडचा भाग मुद्दाम बारीक केलेला असतो, कारण तोच किल्लीच्या खुंटीवर गुंडाळायचा असतो. लांब तार छोट्या बेसवर लावली की हा बारीक भाग खुंटीच्या पुढे निघून जातो आणि पूर्ण जाडीची तार खुंटीवर वळवावी लागते. ती नीट वळत नाही, वरचं वेष्टण उसवतं आणि ई (E, सगळ्यात जाड) तार नवी असूनही मेल्यासारखी वाजते. मग दोष पिकअपला (तारेचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाला) दिला जातो.

ऑर्डर करण्याआधी ब्रिजवर जिथे तारेची गोळी अडकते तिथपासून नटापर्यंत फीत लावून मोजा आणि पाकिटावरच्या वेष्टणाच्या लांबीशी ताडून पाहा. पूर्ण जाडीचा भाग नटाच्या थोडा पुढे जाऊन संपला पाहिजे, पण खुंटीच्या अलीकडे. तार शरीरातून ओवायचा ब्रिज असेल तर तेवढी लांबी वाढवून धरा. शॉर्ट स्केलच्या तारा मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवायला चार दिवस लागले तरी थांबा. कापायची वेळ आलीच, तर आधी पक्कडीने तार काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा, म्हणजे आतल्या गाभ्यावरचं वेष्टण फिरणार नाही.

दुसरी चूक जाडीची. हात हलका राहावा म्हणून 40 किंवा 45 पासून सुरू होणारा (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात) हलका सेट घेतला जातो. ताण आधीच कमी आहे, त्यात तार बारीक. मग ई तार लोंबते, जोरात छेडली की सूर क्षणभर वर चढतो आणि "हा बेस सुरात राहत नाही" असं वाटू लागतं. 50 ते 105 चा सेट लावून पाहा. माझी स्वतःची पसंती फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टीचं वेष्टण असलेल्या तारांना आहे. त्यांचा ताण बहुधा जास्त असतो, शॉर्ट स्केलच्या गोल आवाजाला त्या शोभतात, आणि गुळगुळीत असल्यामुळे आपल्या कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात वेष्टणाच्या खाचांत घाम-मीठ साचून मरत नाहीत. जाड सेट लावताना नटाच्या खाचा तपासा. तार खाचेवर तरंगत असेल, तर खाच योग्य जाडीच्या कानशीने रुंद करून घ्यावी लागते. पाचवी, म्हणजे बी तार 30 इंचावर लावण्याचा मोह टाळा. 31 हर्ट्झच्या आसपासचा तो सूर या लांबीत क्वचितच घट्ट वाजतो.

तार फ्रेटवर घासते म्हणून सॅडल उचलत सुटणं

सैल तारेचा झोका मोठा असतो, त्यामुळे तिला थोडी जास्त मोकळीक लागते. लांब बेसची मापं जशीच्या तशी लावली तर खरखर होणारच. आधी नेकचा (मानेचा) बाक बघा: ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक शरीराला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या फ्रेटवर फट मोजा. 0.3 ते 0.4 मिमी असेल तर सुरुवात बरी आहे. त्यानंतरच बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची सव्वादोन-अडीच मिमीच्या आसपास आणा. क्रम उलटा केला तर दर पावसाळ्यात तेच काम पुन्हा करावं लागेल.

पावसाळ्याचा मुद्दा कोकणात कुणी हलक्यात घेऊ नये. जूनपासून हवेतली ओल लाकडात शिरते आणि नेक हलतो. कुठल्या बाजूला हलेल ते लाकडावर आणि त्याच्या रेषांवर ठरतं, म्हणून अंदाजाने ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) फिरवू नका, मोजा. शॉर्ट स्केलमध्ये एक जास्तीची अडचण आहे. नेक मागे वाकला तर लांब बेसवर तारांचा ताण त्याला पुढे ओढायला मदत करतो. इथे तो ताण कमी पडतो. एकाच दिशेने काम करणारा रॉड पूर्ण सैल करूनही नेक मागेच वाकलेला राहू शकतो. त्यामुळे बनवणाऱ्याने या बेसमध्ये दोन्ही दिशांनी फिरणारा रॉडच घालावा, आणि जुना बेस घेणाऱ्याने रॉड कुठल्या प्रकारचा आहे ते पैसे देण्याआधी विचारावं. फिरवताना एका वेळी पाव फेरा, मग तारा पुन्हा सुरात, मग माप.

बेस चिऱ्याच्या भिंतीला टांगून ठेवू नका. आषाढ-श्रावणात त्या भिंतीला ओल येते आणि नेक एका बाजूने ती पीत राहतो. कडक केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि त्या दमट झाल्या की बदला. कपाटात बल्ब लावत असाल तर बेस त्याच्यापासून लांब असू द्या, नाहीतर एकाच बाजूने तापून आणखी वाकेल.

पिकअप आणि अँप

पिकअप तारेच्या फार जवळ आणलं तर चुंबक सैल तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर लहरायला लागतो. ते खाली करा. अँपवर "छोटा आहे, खर्ज कमी असेल" म्हणून बेसचं बटण पूर्ण फिरवणं ही नेहमीची चूक. खर्ज भरपूर असतो, कमी पडतात ते वरचे स्वर. बेसचं बटण थोडं उतरवा, मिडचं (मधल्या पट्टीचं) वाढवा, मंडपातही प्रत्येक सूर वेगळा ऐकू येईल.

बनवणाऱ्यांसाठी

लांब बेसचा आराखडा झेरॉक्सवर छोटा करून काम सुरू करणारे भेटतात. तसं केलं की तारांमधलं अंतर, पिकअपची खोबण, किल्ल्यांची भोकं, सगळंच आक्रसतं. लहान करायची ती स्केल. तारांमधलं अंतर उजव्या हाताच्या सवयीचं राहू द्या.

फ्रेटच्या जागा आखताना एका फ्रेटपासून पुढचा मोजू नका. प्रत्येक वेळी अर्धा मिमी चुकला तर बाराव्यापर्यंत ती चूक वाढत जाते. 762 मिमी (30 इंच) स्केलला पहिला फ्रेट नटापासून 42.77, दुसरा 83.14 आणि बारावा बरोबर 381 मिमीवर येतो. सगळे नटापासूनच मोजा.

ब्रिज बसवताना जी (G, सगळ्यात बारीक) तारेचं सॅडल जवळपास पूर्ण पुढे असताना 762 वर यावं. बाकी सगळी हालचाल मागे हवी, कारण जाड आणि सैल ई तारेला सूर जुळण्यासाठी 5-6 मिमी, कधी त्याहून जास्त मागे जावं लागतं. बारावा फ्रेट दाबून येणारा सूर तिथल्या हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता फक्त स्पर्श करून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे न्या. मागे जागाच नसेल, तर ब्रिज उखडून पुन्हा बसवण्याशिवाय इलाज नाही.

शरीर छोटं केलं की बेसचं डोकं (किल्ल्यांकडचं टोक) खाली झुकतं. शरीराचं वरचं शिंग (पट्टा अडकतो तो पुढे आलेला भाग) बाराव्या फ्रेटपर्यंत पोचू द्या, किल्ल्या हलक्या वापरा आणि पट्ट्याची बटणं कायमची ठोकण्याआधी क्लॅम्पने धरून गळ्यात घालून पाहा.

लाकडाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. फणसापासून वीणा आणि मृदंग बनत आले आहेत, आणि बेसच्या शरीरालाही तो छान चालतो. आंब्याला कीड लवकर लागते, म्हणून तो नीट पारखून घ्या. नेकला जुनं, मुरलेलं सागवान तीन किंवा पाच पट्ट्या उलटसुलट रेषांनी चिकटवून वापरा. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसा, नाहीतर सांधा उकलतो. वखारीतून आणलेली फळी लगेच रंध्याखाली घेऊ नका. उघड्या हवेत सुकवायची तर दर इंच जाडीला वर्षभर, असा सुतारांचा ठोकताळा आहे.

नेकचं काम पावसात संपवण्याची घाई तर अजिबात करू नका. जुलैत फुगलेल्या फिंगरबोर्डवर (नेकवरच्या फ्रेट बसवायच्या फळीवर) फ्रेट बसवून कडा घासल्या, की दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत तो आडवा आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला लागतात. पावसात शरीर कोरा, वायरिंग करा. फ्रेट आणि शेवटचं घासकाम डिसेंबरनंतर ठेवा.