जुनी हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी

फाइल डिलीट करून रीसायकल बिन रिकामा केला किंवा क्विक फॉरमॅट मारला, तरी आधारची स्कॅन, बँक स्टेटमेंट, घरचे फोटो डिस्कवरच असतात. फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनेही ते परत निघतात. विंडोजमध्येच यावर उपाय आहे, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको.

1. हवं ते कॉपी करून घ्या. डिस्क काढून यूएसबी-साटा केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा.
2. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, मग डिस्क मॅनेजमेंट. त्या डिस्कचे सगळे भाग (पार्टिशन) डिलीट करा. नुसता एकच फॉरमॅट केला तर बाकीच्यांतला डेटा तसाच राहतो.
3. न्यू सिंपल व्हॉल्यूम घ्या आणि ‘परफॉर्म अ क्विक फॉरमॅट’समोरची टिक काढा. ती आधीपासून असतेच आणि खरी मेख तिथेच आहे. टिक नसली की विंडोज त्या भागावर सगळीकडे शून्यं लिहितं.

1 टीबीला काही तास सहज लागतात. रात्री लावून ठेवा.

डिलीट करण्याआधी डिस्कचा नंबर आणि साइज दोनदा बघा, नाहीतर चालू डिस्क पुसली जाईल. एसएसडीला (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला) मात्र ही पद्धत पुरेशी नाही. तिथे कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा.